नाव घेतले की ओ आली पाहिजे

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गावचा, हे सांगायला मला थांबावे लागते. एक प्रकरण मात्र तसे मिसळले नाही. परवा तुम्हा नातवंडांचा फोन आला आणि ते पुन्हा समोर येऊन बसले.

थोरली सांगत होती की तुमच्या तिकडच्या राज्याच्या विधिमंडळात एक ठराव यायचा आहे. दहशतवादी हल्ल्यानंतर धावून गेलेले आग विझवणारे, रुग्णवाहिकावाले आणि त्यात गेलेले सैनिक, यांच्या गौरवाचा. शाळेतून मुलांना तो ऐकायला नेणार आहेत. मागून धाकटा ओरडला, "आजी, ते फक्त नावं वाचणार आहेत! त्यानं काय होतं?"

उत्तर फोनवर देण्याजोगे नव्हते. लिहून पाठवते म्हणाले. लिहायला बसल्यावर वाटले की इतरांनीही वाचायला हरकत नाही. माझे शिक्षण सगळे इंग्रजीत झाले, पण नोकरीभर लोकांचे जबाब मराठीत लिहून घेतले. म्हणून हेही मराठीतच. नावे कोणाचीच देणार नाही. का देणार नाही, ते शेवटपर्यंत वाचलेत तर कळेल.

तेव्हा मी झरी जामणी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याची प्रमुख होते. आमच्याकडे त्या अधिकाऱ्याला ठाणेदार म्हणतात. बाई ठाणेदार झाल्याचे नवल लोकांना पहिले काही महिने वाटले, मग संपले. हद्द मोठी आणि माणसे कमी. एका बाजूला मुकुटबनकडची कापसाची शिवारे, दुसऱ्या बाजूला जंगल आणि जंगलातली लहान गावे. वणीकडून कोळशाचे ट्रक यायचे. अपघात, दारू, शेताच्या बांधावरची भांडणे आणि वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान हे आमचे रोजचे दळणकांडण.

त्या वर्षी दिवाळीनंतर दूरच्या डोंगराळ मुलखात जवानांच्या ताफ्यावर हल्ला झाला. दहशतवाद्यांनी रस्त्यात स्फोट घडवला. पहिल्या स्फोटानंतर काही जवान जखमींना बाहेर काढायला धावले आणि मग दुसरा स्फोट झाला. त्या धावलेल्यांत आमच्या हद्दीतल्या एका जंगलगावचा मुलगा होता. बाकीच्यांचे देह ओळखले गेले, त्याचा ओळखला गेला नाही. सोबतच्यांनी त्याला गाडीकडे पळताना पाहिले होते, पुढचे कोणी पाहिले नव्हते. सरकारी भाषेत तो बेपत्ता होता. गावात आणि वर्तमानपत्रात तो शहीद झाला होता. त्याच्या बापाच्या रक्ताचा नमुना तपासणीसाठी गेला होता, अहवाल यायचा होता.

नागपूरला हिवाळी अधिवेशन तोंडावर होते. त्यात मृत जवानांच्या आणि मदतीला धावलेल्यांच्या गौरवाचा ठराव येणार, नावे वाचली जाणार, सभागृह उभे राहणार, असे ठरले. आमच्या भागातल्या एका आमदारांनी या मुलाचे नाव आग्रहाने घालून घेतले. यात त्यांचा काही लबाडीचा हेतू होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. सोमवारी ते गावात येणार, सत्कार करणार आणि आईवडिलांना आपल्या गाडीतून नागपूरला नेऊन प्रेक्षकांच्या सज्जात बसवणार, असा कार्यक्रम होता. बंदोबस्त माझ्याकडे होता.

शनिवारी सकाळी आमची हजेरी चालू होती. हजेरी म्हणजे अंगणात रांग, जमादार एकेकाचे नाव पुकारणार, तो 'हजर' म्हणणार, मग दिवसाची कामे वाटली जाणार. आतला फोन वाजला. फोनवरच्या शिपायाने दारात येऊन मला हात केला. त्याचा चेहरा पाहूनच मी आत गेले.

पलीकडे एक बाई होती. दबक्या आवाजात, इकडच्या बायका बोलतात तसे 'मी जातो, मी करतो' असे बोलत होती.

"मॅडम हाये का?"

"बोलतेय."

"गावाच्या अलीकडं तो पूल हाये न, नाल्यावरचा. त्याच्याखाली डबा ठेवून हाये. काल संध्याकाळी एक माणूस ठेवून गेला. मी बकऱ्या चारतो तिथं. मले काही पुसू नका."

"डबा कसला?"

"स्टीलचा. वर रस्त्याच्या कडेले पऱ्हाटीले लाल चिंधी बांधून हाये. येजा लवकर. माह्या बकऱ्या तिकडंच पळतेत."

फोन बंद झाला. आमदारांची गाडी सोमवारी याच पुलावरून जाणार होती.

पुढची कामे ठरलेली असतात आणि ती ठरलेल्या क्रमानेच करावी लागतात. नियंत्रण कक्षाला कळवले. दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला. एक एसटी मागे फिरवली, तिच्यातला कंडक्टर तिकिटांवरून माझ्याशी भांडला. यवतमाळहून बॉम्ब शोधक व नाशक पथक यायला वेळ लागणार होता. तोवर आम्ही लांब उभे राहून त्या पुलाकडे पाहत होतो. पूल कसला, सिमेंटच्या दोन नळ्यांवरचा मोरीवजा रस्ता. कडेला कापसाची वाळकी काडी जमिनीत रोवलेली आणि तिच्या टोकाला लाल चिंधी. वारा आला की हलायची.

माझे जमादार त्या भागात जन्मलेले, वयस्क गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, बॉम्ब ठेवणारा झेंडी कायले लावन? आपल्याले दिसावं म्हणून?"

"तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? तीस वर्षांत असा सज्जन अतिरेकी पाह्यला नाही."

शिपाई हसले. मी हसले नाही, पण वाक्य लक्षात ठेवले.

पथक आले. त्यांच्या माणसाने जाड पोशाख चढवला आणि तो खाली उतरला. वर आल्यावर त्याने सांगितले की डब्यात जिलेटिनच्या दोन कांड्या आहेत. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून वाळूवर ठेवलेल्या. त्या उडवायला लागणारा डेटोनेटर डब्यात नाही. तो बराच लांब, एका दगडाखाली वेगळा ठेवलेला आहे आणि त्याच्या दोन्ही वायरींची टोके एकमेकांत पिळून ठेवली आहेत.

"म्हणजे?" मी विचारले.

"म्हणजे चुकूनही उडू नये अशी काळजी घेतलीय, मॅडम."

दुपारपर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणाहून वरिष्ठ आले, गोपनीय शाखेचे लोक आले. माझ्या खोलीत खुर्च्या पुरेनात. जवानाच्या सत्काराच्या रस्त्यावर स्फोटके, म्हणजे हल्ला करणाऱ्यांचे हात इथपर्यंत पोहोचले, असा सगळ्यांचा सूर होता. तो सूर चुकीचा म्हणता येत नव्हता. त्या क्षणी माणसाने तोच विचार करायला हवा. उद्या पहाटे गावाला वेढा घालायचा, घर न् घर झडायचे आणि तरुण पोरे ताब्यात घ्यायची, असे ठरू लागले. जंगलातले गाव असे एकदा झडले की पुढची दहा वर्षे तिथून पोलिसाला पाण्याचा पेलासुद्धा मिळत नाही. आणि हे गाव तर त्या जवानाचेच होते.

मी अधीक्षकांना म्हणाले, "सर, उद्या संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या."

"काय आहे तुमच्याकडे?"

"लाल चिंधी आहे. पिळलेल्या वायरी आहेत."

"संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर माझ्याही हातात राहणार नाही."

मी कशावर विसंबून होते, ते सांगते. पूर्वी दुसऱ्या एका ठाण्यात असताना विहीर खोदताना झालेल्या मृत्यूचा तपास मी केला होता. आमच्याकडे विहिरीला पाणी लागायच्या आधी खडक लागतो. मग सुरुंग लावणारी टोळी येते, यंत्राने खडकाला भोके पाडते, त्यात कांड्या भरते आणि बार उडवते. त्या तपासात मी या लोकांची रीत शिकले होते. डेटोनेटर आणि कांड्या कधी एकत्र ठेवत नाहीत. वायरीची टोके पिळून ठेवतात. बार लावलेल्या जागी लाल चिंधी रोवतात. आणि आणखी एक रीत होती, पण त्या शनिवारी ती माझ्या ध्यानात आली नाही.

तिची आठवण मला फोन करणाऱ्या बकऱ्यावालीने करून दिली. रविवारी सकाळी साध्या साडीत, जीप लांब ठेवून मी नाल्याकाठी गेले. ती बाभळीखाली बसली होती. मला पाहून तिने कपाळावर हात मारला.

"मॅडम, म्या म्हटलं होतं, मले पुसू नका. लोक म्हणतीन, बकऱ्यावाली पोलिसाले मिळून राह्यली."

"मी बकरी बघायला आलेय म्हणून सांग."

"तुमी? बकरी?" ती हसली. "बोकड कोणता अन् पाट कोणती, सांगा बरं."

मी एकीकडे बोट केले. चुकले. पण त्यामुळे ती बोलायला लागली.

"माणूस ओळखीचा होता?"

"पाठ होती माह्याकडं."

"आवाज?"

"ओरडताना साऱ्याईचा आवाज सारखाच असते."

"ओरडत होता?"

तिने एका बकरीला काठीने वळवले. मग म्हणाली, "तेच तं समजून नाही राह्यलं. डबा ठेवाच्या आधी पुलावर उभा राह्यला अन् खाली तोंड करून ओरडला. खाली कोणी हाये का, वर या. असं तीनदा. मंग कान देऊन उभा राह्यला. मंग खाली उतरून दोन्ही नळ्यात वाकून पाह्यलं. अन् मंग ठेवला. कोणी तिथं निजून राह्यलं असन म्हणून पाहत असन, नाही का?"

राहिलेली रीत तीच होती. विहिरीत बार भरला की मुकादम काठावर उभा राहून खाली उतरलेल्या प्रत्येकाचे नाव मोठ्याने घेतो. प्रत्येकाने वर येऊन 'ओ' द्यायची. एकाचीही ओ आली नाही तर वायर बॅटरीला जोडत नाहीत. मग तो माणूस जेवायला गेलेला असो की बिडी ओढायला. मी तपासलेल्या मृत्यूत नेमके हेच राहून गेले होते.

आमच्या हद्दीत हे काम करणारे मोजके लोक होते. जमादारांना मी ठेकेदारांची चौकशी करायला पाठवले. दुपारी ते परत आले. आत येऊन त्यांनी दार लोटून घेतले, जे ते कधी करत नसत.

"मॅडम, त्या गावात सुरुंगाचा मुकादम एकच हाये."

"कोण?"

"जवानाचा बाप."

मी त्याच्या अंगणात एकटीच गेले. सोबत जमादार होते, पण त्यांना अंगणाबाहेर ठेवले. घर मातीचे, पुढे सारवलेले अंगण. एका कोपऱ्यात वेचलेल्या कापसाचा ढीग, त्यावर मोठा फ्लेक्स पांघरलेला. गावातल्या पोरांनी चौकात लावायला आणलेला तो फलक होता. त्यावर मुलाचा गणवेशातला फोटो होता, हे मला माहीत होते. फोटोची बाजू आत होती.

तो बाजेवर बसला होता. साठीच्या जवळचा, उंच, खडकाच्या धुळीने कायमची राखी झालेली बोटे. मला पाहून उठला. "बसा न जी, बाईसाहेब." आत त्याच्या बायकोने चहाचे आधण ठेवले.

माझ्या अनुभवात माणूस खोटे बोलायची तयारी करून बसलेला असला, तर त्याला त्याच्या गुन्ह्याविषयी विचारू नये. त्याच्या कामाविषयी विचारावे. कामाविषयी खोटे बोलायला माणसाला लाज वाटते.

मी विचारले, "मुलगा तुमच्यासोबत विहिरीवर यायचा?"

"हाव जी. बारावीपर्यंत. मंग म्हणे, बावा, मी फौजेत जातो. म्या म्हटलं, जाय. इथं बी बार, तिथं बी बार."

"बार लावायच्या आधी काय काय करायचं, हे त्याला तुम्हीच शिकवलं?"

"मंग कोण?"

"काय शिकवलं?"

त्याने बोटांवर सांगितले. चिंधी. वायर पिळणे. माल आणि टोपी, म्हणजे डेटोनेटर, वेगळी. मग थांबला.

"आणि?" मी म्हणाले.

"अन् नावं घेणं."

"ओ नाही आली तर?"

"तं वायर जोडत नाही. दिवस बुडाला तरी जोडत नाही."

"पुलाखाली कोणाची ओ यायची वाट पाहत होतात?"

आतले भांड्यांचे आवाज थांबले. कावळा कापसाच्या ढिगावर येऊन बसला, मुकादमाने त्याला हाकललेही नाही.

"कोणाचीच नाही जी," तो शेवटी म्हणाला. "कोणी भिकारी-बिकारी निजलं असन तं... उगाच कायले मरावं कोणी. ते उडणार नोहतं. तरी बी. सवय हाये."

"मग ठेवलं कशाला?"

"गाडी थांबावी म्हणून."

"आमदारांना मारायला?"

"छ्या!" त्याला खरोखर राग आला. "मारायचं असतं तं चिंधी लावली असती का? तुमाले समजते न हे काम?"

मग तो बोलू लागला. आमदार पहिल्यांदा भेटायला आले, तेव्हा त्याने त्यांना एकच गोष्ट विचारली होती. तिथं विधानसभेत नाव वाचल्यावर पोराला शोधणे चालू राहते की बंद होते? आमदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "आता काय शोधायचं, बाबा? तो अमर झाला."

"माहं रक्त घेऊन गेले," तो म्हणाला. "म्या म्हटलं, त्याचा जवाब येऊ द्या. तहसीलात गेलो, तिथं बी म्हटलं. ते म्हणे, तुमचं नशीब, नाव थेट नागपूरले वाचून राह्यले. अरे, पण तो खाली हाये का वर आला, हे कोणी पाह्यलं का? स्फोटात माणूस नाहीसा होत नाही, बाईसाहेब. चाळीस वर्षं स्फोटच करून राह्यलो मी. काही ना काही राह्यतेच. ते दाखवा मले. मी कायले नाही म्हणन? पण तुमी तं नाव घेतलं अन् ओ यायच्या आधीच वायर जोडून राह्यले."

मी चहा घेतला.

दारात त्याची बायको उभी होती. पदर तोंडाशी धरून ती मला हळूच म्हणाली, "मी मानलं, बाई, पोरगं गेलं म्हणून. ज्या दिवशी फोन आला त्याच दिवशी मानलं. पण ह्यायच्यासमोर रडली नाही. ते रस्ता पाहत बसतेत, मंग मी बी बसतो."

त्यानंतर मी त्याला अटक केली.

इथे तुम्ही दोघे मला विचाराल की सोडून का नाही दिले. सोडता येत नाही. विनापरवाना स्फोटके बाळगणे आणि ती सार्वजनिक रस्त्यावर ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे, मनात काहीही असले तरी. कांड्या एका विहिरीच्या कामातून उरलेल्या होत्या. त्या ठेकेदाराने हिशेबात दाखवल्या नव्हत्या. त्याचाही परवाना पुढे रद्द झाला. मुकादमाने गुन्हा तिथेच कबूल केला आणि जीपमध्ये बसताना मला म्हणाला, "लाल चिंधी काढून घ्या जी. नाहीतर लोक रस्ता सोडून शेतातून जातीन."

गावाला वेढा पडला नाही. पण माझे काम निम्मेच झाले होते. सोमवारचा सत्कार रद्द झाला, पण ठराव बुधवारी येणारच होता.

अधीक्षकांना मी सगळे सांगितले आणि ओळख पटल्याचा अहवाल येईपर्यंत ते नाव वाचू नये, असे सुचवले. ते म्हणाले, "हे पोलिसांचं काम नाही." ते बरोबर होते. थोड्या वेळाने त्यांनीच परत फोन केला. "आमदार आत्ता वणीला आहेत. तुम्ही रजेवर असल्यासारख्या जाऊन भेटलात, तर मला माहीत असायचं कारण नाही."

आमदार एका लग्नाच्या मांडवात होते. त्यांना बाजूला घेतले. आपल्या रस्त्यावर स्फोटके कोणी ठेवली, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मग ते भडकले.

"मॅडम, मी त्या माणसासाठी मुंबईपर्यंत भांडलो! नाव यादीत घालायला किती जणांच्या पाया पडलो, तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे, साहेब."

"आणि आता नाव काढलं तर उद्या काय छापून येईल? जवानाचा अपमान! तुमचं काय जातं!"

"काढू नका. थांबवा. अहवाल आला की वाचा."

"तुम्हाला काय वाटतं, तो पोरगा जिवंत आहे?"

"नाही."

"मग झालं तर!"

"माझ्या वाटण्याला काही किंमत नाही," मी म्हणाले. "तुमच्याही वाटण्याला नाही. ज्याचा मुलगा आहे त्याला अजून कोणी काही दाखवलेलं नाही. तुम्ही त्याच्या मुलाचं नाव घेणार आणि तो त्या वेळी कोठडीत बसून असणार. सभागृह उभं राहील, साहेब. कोणासाठी?"

मांडवात बँड सुरू झाला. त्यांनी हातातल्या अक्षता खिशात टाकल्या. एकदम म्हणाले, "मी त्याला म्हटलं होतं, तो अमर झाला. चांगलं म्हणूनच म्हटलं होतं, हो."

"तेही त्याला ठाऊक आहे," मी म्हणाले. हे मात्र मी माझ्या मनाचे सांगितले.

बुधवारी ठराव आला. मी ठाण्यातल्या टीव्हीवर पाहिला. नावे वाचली गेली. आमदार उठले आणि म्हणाले की आमच्या भागातले एक नाव त्याच्या घरच्यांच्या इच्छेने आज घेतलेले नाही. ते घ्यायची वेळ येईल तेव्हा सभागृहाने पुन्हा उभे राहावे, एवढी विनंती. दुसऱ्या दिवशी त्यांच्याविरुद्ध वणीत घोषणा झाल्या. माझ्याविरुद्धही झाल्या. महिनाभर दोघांनी ते सोसले.

अहवाल थंडी सरताना आला. रक्ताचा नमुना जुळला होता.

तो तेव्हा यवतमाळच्या तुरुंगात होता. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मी सांगावे म्हणून गेले. जाळीपलीकडे तो बसला. मी एका वाक्यात सांगितले, कारण अशी बातमी लांबवू नये.

त्याने मान हलवली. मग विचारले, "काय सापडलं?"

मी त्याच्यापासून काही लपवले नाही. त्याला त्याच्या कामाच्या माणसासारखेच सांगितले. दोन जणांचे अवशेष एकत्र होते, आधी ते एकाचेच समजले गेले, म्हणून ओळखायला वेळ लागला. दुसरा जखमी होता, गाडीत अडकलेला. मुलाने त्याला काखेत धरले होते.

"म्हणजे खालून माणूस वर काढून राह्यला होता," तो म्हणाला.

"हो."

"मंग बरोबर हाये." त्याने जाळीवर कपाळ टेकले. पहारेकऱ्याने मला वेळ संपल्याची खूण केली, पण मी उठले नाही. कपाळ न उचलता तो म्हणाला, "आता घ्या म्हणावं नाव."

पुढच्या हिवाळी अधिवेशनात ते घेतले गेले. तो तोवर जामिनावर सुटला होता. जिल्हा सोडून जायला न्यायालयाने त्याला परवानगी दिली. खटला नंतर चालला, शिक्षा झाली, ती त्याने तक्रार न करता भोगली. त्या दिवशी मात्र आमदारांनी खरोखरच आपल्या गाडीतून दोघांना नेले. मी आधीच जाऊन थांबले होते. सज्जात तो बायकोच्या आणि माझ्या मध्ये बसला. धुतलेले धोतर, गळ्यात नवा दुपट्टा. दारावरच्या सुरक्षारक्षकाने बजावले की बोलायचे नाही, टाळी वाजवायची नाही, उभे राहायचे नाही. तो म्हणाला, "हाव जी."

खाली नेहमीचा गलका चालू होता. कोणी कागद चाळत होते, कोणी हसत होते. अध्यक्षांनी विषय पुकारला. गलका शमला. त्यांनी मुलाचे नाव घेतले. आधी त्याचे, मग बापाचे, मग आडनाव. सगळे सभागृह उभे राहिले.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. फार मोठा नाही, पण विहिरीच्या तळापर्यंत पोहोचेल असा.

"ओ!"

रक्षक पुढे सरसावला. मी हात वर केला, पण त्याची गरज नव्हती. खाली अध्यक्षांनी वर पाहिले, आणि त्यांनीही हाताने रक्षकाला थांबवले. नावामागून सभागृहात जी शांतता पाळतात, ती त्या ओनंतर सुरू झाली. त्याची बायको, जी वर्षभर त्याच्यासमोर रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

तर तुम्ही विचारलेत, नावे वाचून काय होते. पोलीस म्हणून मी त्या प्रकरणातून एवढेच शिकले की नाव घेणे हे काम आहे आणि ते घाईने केले तर त्यात माणूस राहून जातो. ज्याचे नाव, त्याच्याकडून ओ द्यायला कोणी तरी तयार व्हावे लागते. तेवढी वाट पाहिली तर नुसत्या नावानेही पुष्कळ होते. त्या कुटुंबाच्या वतीने त्याचे नाव एकदा रीतसर घेतले गेले आहे. म्हणून मी ते इथे पुन्हा घेतलेले नाही.

तुम्हाला शाळेतून ऐकायला नेतील, तेव्हा खालच्या लोकांकडे बघू नका. सज्जात कोण बसले आहे ते बघा.